डिस्ने वर्ल्डमध्ये आई-बाबांना घेऊन फिरायचं आहे: बस, मोनोरेल की भाड्याची गाडी?

मोगरा_एडिसन

नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत, ऑगस्टपर्यंत आमच्याकडे आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलंय. चार रात्री, पाच दिवस. आम्ही सहा जण: आई-बाबा, आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि दोन वर्षांचा धाकटा. विमानाची तिकिटं काढली, हॉटेल अजून ठरत नाहीये.

माझी खरी काळजी बाबांची आहे. वय ७१, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सपाटीवर अर्धा तास चालतात, मग टेकावं लागतं. जिना उतरताना त्रास होतो. आई चालायला खणखणीत आहे, पण उन्हात तिला घेरी येते.

नकाशा उघडला की काहीच उलगडत नाही. चार पार्क, ढीगभर हॉटेलं, बस, मोनोरेल, बोटी आणि वरून तारेवर चालणाऱ्या त्या केबिन. सगळं मोफत आहे म्हणतात, पण कुठून कुठे काय जातं? नवरा म्हणतो, विमानतळावरच मोठी गाडी भाड्याने घेऊ आणि विषय संपवू. खरंच गाडी लागते का? हॉटेल घेताना नक्की काय बघायचं? बसमध्ये चढताना बाबागाडीची घडी करावी लागते का? वयस्कर माणसांना घेऊन जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाईकर

मोगरा, आम्ही टॅम्पाला राहतो, त्यामुळे तीनदा जाणं झालंय. त्यातल्या एका खेपेला आई-बाबा बरोबर होते आणि बाबांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो.

हा एक पार्क नाही, जवळजवळ ४० चौरस मैलांचा मुलूख आहे. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम उघडलं, १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज ज्याला हॉलिवुड स्टुडिओज म्हणतात तो पार्क आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. एकेक पार्क त्या त्या काळात, वेगवेगळ्या कोपऱ्यात उभा राहिला, म्हणून प्रत्येकाची वाट निराळी. मोनोरेल जाते फक्त मॅजिक किंगडम आणि एपकॉटला. तारेवरच्या केबिनना स्कायलायनर म्हणतात. त्या २०१९ मध्ये सुरू झाल्या आणि जातात फक्त एपकॉट आणि हॉलिवुड स्टुडिओजला. ॲनिमल किंगडमला डिस्नेची बस हे एकच साधन. आणि डिस्नेच्या हॉटेलातून जिथे दुसरं काही जात नाही तिथे बस असतेच.

आता गाडीचं. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात तर ती गेटापाशी लावता येत नाही. पार्किंग आहे पार्कसमोरच्या तळ्याच्या अलीकडे, ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरपाशी. तिथे गाडी लावायची, चालत किंवा ट्रॅमने सेंटरपर्यंत यायचं, बॅगांची तपासणी, मग मोनोरेल नाहीतर मोठी फेरीबोट, आणि मग पार्कचं गेट. टॅक्सीवालाही तिथेच सोडतो. आम्ही पहिल्या खेपेला बाहेरच्या हॉटेलात उतरलो होतो, तेव्हा गाडीतून उतरल्यापासून गेटात शिरेपर्यंत पाऊण तास गेला आणि बायको म्हणाली, बरं झालं या वेळी बाबा नाहीत. डिस्नेच्या हॉटेलातली बस मात्र तळ्याला वळसा घालून थेट पार्कच्या दाराशी उतरवते. म्हणजे गाडी हाताशी असली तरी मॅजिक किंगडमच्या दिवशी बसच घ्यावी, असं माझं ठाम मत झालंय.

हॉटेल निवडताना स्विमिंग पूल आणि खोलीचे फोटो नंतर बघा. आधी बघा की दारातून काय सुटतं आणि मध्ये किती ठिकाणी बदलावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला बदल करणं सगळ्यात जड जातं: उतरा, वळसे घेत रॅम्प चढा, पुन्हा रांग. पैशाचा प्रश्न नसेल तर मोनोरेलच्या मार्गावरची तीन हॉटेलं, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन आणि कंटेम्पररी. पॉलिनेशियनपासून ते तिकीट सेंटर काही मिनिटांच्या चालीवर आहे, त्यामुळे एपकॉटची मोनोरेलसुद्धा न बदलता मिळते. कंटेम्पररीहून मॅजिक किंगडम चालत दहा मिनिटं. पण ही तिन्ही महागडी आहेत. आम्ही पॉप सेंच्युरी घेतलं आणि तुम्हालाही तेच सांगेन. पॉप सेंच्युरी आणि शेजारचं आर्ट ऑफ ॲनिमेशन यांच्यामध्ये छोटं तळं आहे, त्याच्यावर दोघांचं मिळून एक स्कायलायनर स्टेशन आहे. तिथून कॅरिबियन बीच या हॉटेलापाशी जायचं, तिथे लाइन बदलून हॉलिवुड स्टुडिओज किंवा एपकॉट. उरलेल्या दोन पार्कांना बस. खोली मात्र थांब्याजवळची मागून घ्या. हॉटेलचा परिसरच इतका पसरलेला आहे की खोलीपासून बसपर्यंतच दहा मिनिटं चालायला लागू शकतात.

केबिनमध्ये एसी नाही, पण चालू असताना वारा खेळता राहतो. बाबागाडी उघडीच आत ढकलता येते. मोनोरेल आणि फेरीबोटीतही घडी करावी लागत नाही, बसमध्ये करावी लागते. झोपलेल्या मुलाला उचलून एका हाताने गाडी मिटायची सवय आताच करा. स्टेशनात केबिन थांबत नाही, सावकाश सरकत राहते, आणि बाबांना त्याचीच धास्ती होती. व्हीलचेअर असेल तर वेगळ्या मार्गिकेवर घेतात, तिथे केबिन पूर्ण थांबवून आत बसवतात. केबिन वर उचलली गेली तशी आई म्हणाली, रायगडच्या रोपवेत पोटात गोळा आला होता तसा इथे नाही येत.

जूनमध्ये तिथे दुपारी ढग भरून येतात, जवळजवळ रोज. विजा दिसू लागल्या की स्कायलायनर थांबवतात, बोटीही थांबवतात, आणि सगळी गर्दी बसकडे वळते. म्हणून आम्ही सकाळी लवकर निघायचो, साडेबारा-एकला ढग जमायच्या आत खोलीवर परतायचो, जेवून झोपायचो आणि पाचनंतर पुन्हा बाहेर. तुमच्या आईंनाही ऊन टळेल.

माझे बाबा ३२ वर्षं एस.टी.त वाहक होते, त्यामुळे बस हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पहिल्या सकाळी थांब्यावर बस आली, ड्रायव्हरने ती फुटपाथच्या बाजूला झुकवली, रॅम्प टाकला आणि आमच्या आधी चालायला त्रास असणाऱ्यांच्या बॅटरीच्या स्कूटरवरच्या एका बाईंना आत घेतलं. मग स्वतः गुडघ्यावर बसून स्कूटरचे चारही पट्टे एकेक ओढून बघितले. चाळीस माणसं बाहेर उभी, कुणी हूं की चूं केलं नाही. बाबा ते एकटक बघत होते. आत बसल्यावर म्हणाले, "याला म्हणतात ड्युटी." बस सुटायच्या वेळी त्यांनी समोरच्या दांड्यावर अंगठीने दोनदा टकटक केलं. डबल बेल. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालीत.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुमच्याकडून होऊ नये. एपकॉटला दोन दारं आहेत. पुढचं मुख्य दार, जिथे मोठा चंदेरी गोल आहे आणि मोनोरेल येते. आणि मागचं, इंटरनॅशनल गेटवे, तिथल्या देशोदेशींच्या दालनांपैकी इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये. स्कायलायनर आणि छोट्या बोटी तिथे येतात. आम्ही मागून आत शिरलो होतो. रात्री आतषबाजी संपताना मुलीला बाथरूमला न्यायचं होतं, मी बाबांना म्हणालो, "तुम्ही गेटापाशी थांबा." त्यांच्या डोळ्यासमोर गेट म्हणजे तो गोल, दिवसभर तोच दिसत होता ना. त्यांच्याकडे भारतातला फोन, रोमिंग घेतलेलं नाही. मधल्या तळ्याचा नुसता फेरा दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि सगळी गर्दी समोरून अंगावर येतेय. पन्नास मिनिटांनी सापडले. गोलाच्या पायथ्याशी कठड्यावर बसले होते, हातात आईची पर्स, आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मला बघून काही बोलले नाहीत, फक्त उठले. ते दोन्ही हात आजही डोळ्यासमोरून जात नाहीत. आई-बाबा दोघांच्याही फोनमध्ये इथलं सिम घाला, हॉटेलचं नाव लिहून खिशात ठेवा आणि भेटायची जागा "गेट" अशी कधीही सांगू नका.

रानजाई

वाईकरांनी इतकं मनापासून लिहिलंय की मॅजिक किंगडमबद्दल मी काही जोडत नाही. पण गाडी अजिबात नको, हे मला पटत नाही. ॲनिमल किंगडम, एपकॉट आणि हॉलिवुड स्टुडिओज या तिन्हींचं पार्किंग पार्कच्या पुढ्यातच आहे आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कचं पार्किंग मोफत असतं. माझ्या सासूबाईंना दमा आहे. अचानक निघायचं झालं तर थांब्यावर ताटकळत राहण्यापेक्षा गाडी हाताशी असलेली बरी, म्हणून आम्ही घेतली आणि ॲनिमल किंगडमच्या दिवशी तिचं चीज झालं.

शिवाय तुम्ही सहा जण, त्यात दोन लहान मुलं. साध्या टॅक्सीत मावणार नाही आणि मुलांच्या सीटचा प्रश्न येतो. डिस्नेच्या बसमध्ये सीट लागत नाही. लाल रंगावर पांढरे ठिपके असलेल्या मिनी व्हॅन मिळतात, लिफ्ट (Lyft) या टॅक्सी कंपनीच्या ॲपवरून मागवायच्या. त्यांत मुलांच्या सीट असतात, पण पैसे पडतात. विमानतळाचंही बघून ठेवा. पूर्वी हॉटेलपर्यंत डिस्नेची मोफत बस असायची, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. जुन्या लेखांत अजून तिचं वर्णन सापडतं, त्यावर विसंबू नका.

एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जेवायला जाणार असाल तर थेट बस नाही, मध्ये एखाद्या पार्कात किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या खरेदी-खाण्याच्या बाजाराला बदलावी लागते. रात्री मुलं पेंगत असताना हे करू नका. खाणं बरोबर नेता येतं, फक्त काचेच्या बरण्या-बाटल्या आणि सुटा बर्फ चालत नाही. आम्ही दशम्या आणि कोरडी चटणी नेत होतो.

उरणचा_दर्या

बोटींबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी, पण आधी रात्री परतण्याचं. आतषबाजी संपल्यावर मॅजिक किंगडममधून निघायची घाई करू नका. आतल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरची दुकानं पार्क बंद झाल्यावरही थोडा वेळ उघडी असतात, बसही तासभर चालू असतात. बाबांना बाकावर बसवा, मुलांना आइस्क्रीम द्या, लोंढा ओसरू द्या.

आणि एकदा तरी त्या मोठ्या फेरीबोटीने तळं ओलांडा, गरज नसली तरी. माझे वडील बोटीवर खलाशी होते. वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे राहिले, मागे किल्ल्याचे दिवे, आणि मला म्हणाले, मांडव्याच्या लाँचवर आहोत असं वाटतंय, फक्त खारा वास नाही. एपकॉट ते हॉलिवुड स्टुडिओज अशी छोटी बोटही आहे. वाटेत हॉटेलांना थांबत सावकाश जाते, पण पायांना तेवढीच विश्रांती. तोच रस्ता काठाने चालायचा म्हटलं तर अर्धा तास.

मोगरा_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. पॉप सेंच्युरी बुक केलं, स्टेशनाजवळची खोली मागितली आहे. गाडी फक्त ॲनिमल किंगडमच्या दिवसापुरती घेणार.

वाईकर, तुमच्या वडिलांचं वाचून आईच्या डोळ्यात पाणी आलं. एकच विचारायचं राहिलं. बाबा व्हीलचेअरचं नाव काढू देत नाहीत. "मी काय आजारी आहे का?" म्हणतात. तुमचे बाबा तयार कसे झाले? आणि पार्कातच खुर्ची भाड्याने मिळते ना?

वाईकर

पार्कात मिळते, पण ती पार्कच्या बाहेर नेता येत नाही. आणि खरी लागते ती बाहेरच: थांब्यावर, रॅम्पवर, रात्री परतताना. म्हणून घडीची हलकी खुर्ची आपली बरोबर हवी.

माझे बाबाही नाहीच म्हणत होते. मी वाद घातला नाही. पहिल्या दिवशी खुर्ची नुसती बरोबर घेतली, तीत पाण्याच्या बाटल्या आणि मुलीची बॅग ठेवली आणि त्यांना म्हणालो, तुम्ही ढकला, टेकायला आधार होईल. सकाळभर त्यांनी ढकलली. अकराच्या सुमारास सावलीत थांबलो तेव्हा त्यांनी बॅग उचलून माझ्या हातात दिली आणि स्वतःच बसले. नंतर तीन दिवस नात मांडीवर आणि आजोबा खुर्चीत. आईला कुठेही उन्हात उभं राहावं लागलं तर ते उठून तिला बसवायचे.

ती खुर्ची आमच्या गॅरेजमध्ये आहे. नवी विकत घेऊ नका. टॅम्पाहून ऑर्लँडो दीड तासाचं अंतर आहे. विमान कधी उतरतंय तेवढं निरोपात कळवा, मी विमानतळावर आणून देतो.