एकच डोस पुरतो, मग सात दिवस सलाईन कशाला?

रातपाळी: एचआयव्ही खूप पुढे गेला, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) शंभराच्या खाली आले, की क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर गाठतो. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पसंती अशी: पहिल्या दिवशी लायपोसोमल (चरबीच्या वेष्टणातल्या) ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचा एकच मोठा डोस, किलोमागे १० मिलिग्रॅम. सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल, ही बुरशीवरचीच औषधं. तरी सात दिवसांचं साधं ॲम्फोटेरिसिन सुटत नाही. मी ते लावलंय. बाटली चालू झाली की थोड्या वेळात अशी हुडहुडी भरते की खाट खडखडते. दोन-तीन दिवसांत हाताची शीर दोरीसारखी कडक. मग पोटॅशियम खाली, क्रिएटिनिन वर, म्हणजे मूत्रपिंड बिघडतंय. लायपोसोमल हाताशी असेल तर हे बंद करा, एवढंच म्हणणं आहे.

जुना_फिजिशियन: जरा दमानं. तुमचा सगळा भर ॲम्बिशन चाचणीवर, म्हणजे एक डोस आणि जुनी सात दिवसांची पद्धत यांच्या तुलनेवर. आफ्रिकेतले पाच देश, आठशेहून जास्त रुग्ण. दहा आठवड्यांत मृत्यू २४.८ टक्के, जुन्या पद्धतीत २८.७. चाचणीनं सिद्ध काय केलं, तर नवी पद्धत जुनीपेक्षा कमी पडत नाही. सरस आहे असं नाही. पण माझी अडचण वेगळीच आहे. सुरुवातीच्या दिवसांत माणूस जातो तो पुष्कळदा डोक्यातल्या दाबानं. सलाईन चालू असतं म्हणून तो खाटेवर असतो, कुणाची तरी नजर राहते. एकच डोस म्हटलं की तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड तयार!

रातपाळी: म्हणजे खाट टिकवायला मूत्रपिंड पणाला लावायचं? त्याच चाचणीत गंभीर दुष्परिणाम ५० टक्के लोकांना, जुन्यात ६२ टक्क्यांना. लायपोसोमलमध्ये औषध चरबीच्या बारीक वेष्टणात असतं, शरीरात दिवसेंदिवस रेंगाळतं, म्हणून तर एकदाच पुरतं. आणि दाबाचं म्हणाल डॉक्टरसाहेब, सात दिवस खाटेवर ठेवूनही तो मोजतंय कोण?

गोळ्या_मोजणारा: तुम्ही दोघं सुईवर भांडताय, अडतंय गोळीवर. साठ किलोच्या माणसाला फ्लुसायटोसिन रोज सहा ग्रॅम. पाचशेच्या बारा गोळ्या, दर सहा तासांनी तीन. शुद्ध नसेल तर कुटून नाकातल्या नळीतून. पहाटेचा डोस चुकलेला मी कितीदा बघितलाय. ही गोळीच नसेल तर एका डोसाची पद्धत लागूच होत नाही. मग लायपोसोमल रोज, किलोमागे ३ ते ४ मिलिग्रॅम, १४ दिवस, सोबत फ्लुकोनाझोल. आणखी एक. फ्लुसायटोसिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं. साध्या ॲम्फोटेरिसिननं ते बिघडवलं की हे रक्तात साचतं आणि रक्तपेशी घसरतात. त्यामुळे माझं मत रातपाळीच्या ताईंच्या बाजूनं.

धाकटी_बहीण: मी डॉक्टर नाही. भावाला हा आजार झाला तेव्हा पाठीत सुई टोचली की माणूस लुळा पडतो, असं सगळ्यांनी भरवलं आणि आम्ही दोन दिवस सही दिली नाही. तो डोकं धरून भिंतीला आपटत होता. शेवटी त्याच सुईनं पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, डोक्यातला दाब उतरवायला. तासाभरानं त्यानं मला नावानं हाक मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखलं, पुन्हा काढलं. कुठलं ॲम्फोटेरिसिन होतं हे मला आजही ठाऊक नाही.

जुना_फिजिशियन: बाई, मी हेच सांगतोय. दाब २५ सेंटीमीटरच्या वर असेल तर पाणी काढायचं, लक्षणं राहिली तर रोज. घरी पाठवलेल्याचं कोण काढणार? शिवाय घाईत सुटलेल्याला बाहेर कुणीतरी आठवड्याभरात एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू करतं. २०१४ च्या चाचणीत लवकर एआरटी दिलेल्यांपैकी ४५ टक्के २६ आठवड्यांत गेले, पाचेक आठवडे थांबलेल्यांपैकी ३०.

रातपाळी: एआरटीला चार ते सहा आठवडे थांबायचं, यावर वाद कुठाय? आणि एक डोस म्हणजे लगेच घरी, असं मी कुठे म्हटलं? ठेवा की सात दिवस. फक्त लायपोसोमल देऊन ठेवा.

जुना_फिजिशियन: तसं असेल तर मान्य. पण औषध संपलं, मग खाट का अडवली, असं विचारायला वरून माणूस येतो तेव्हा तुम्ही रातपाळीवर असता. उत्तर मला द्यावं लागतं.

गोळ्या_मोजणारा: फ्लुसायटोसिनचे १४ दिवस पूर्ण व्हायचेत म्हणून सांगा. खोटं नाही ते.