शब्दचर्चा: पावडर मॅगझिन म्हणजे दारूखाना की दारूकोठार?

कंपनी सरकारच्या काळातल्या 'पावडर मॅगझिन' इमारतींवर, म्हणजे तोफा-बंदुकांची दारू साठवायच्या जागांवर लेख लिहितेय. मराठीत काय म्हणावं? 'दारूखाना' लिहिलं तर निम्मे वाचक गुत्ता समजतील. 'स्फोटके भांडार' म्हणजे सरकारी पाटी.

प्रतिसाद: दारूकोठार. गडावर फिरणाऱ्या कुणालाही विचारा. सिंहगडावर पुणे दरवाज्यातून आत गेलं की उजवीकडे जी दगडी इमारत दिसते, तेच. 11 सप्टेंबर 1751 ला त्यावर वीज पडली आणि स्फोटात गडावरच्या फडणिसांच्या घरातली सगळी माणसं गेली. गुत्त्याची भीती नको. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, 'दवादारू'त तो अर्थ अजून आहे. मुंबईत रे रोडजवळ दारूखाना आहेच, तिथे जहाजं तोडतात.

प्रतिसाद: 'मॅगझिन'चं मूळ अरबी 'मखझन', म्हणजे कोठार. आपला खजिना आणि खजिनदार त्याच धातूतले. 1731 मध्ये लंडनला 'जंटलमन्स मॅगझिन' निघालं तेव्हा हे कोठार छापखान्यात शिरलं. पुढे 1901 मध्ये लाहोरच्या उर्दू मासिकाने 'मखझन' हेच नाव घेतलं. वर्तुळ पूर्ण!

प्रतिसाद: 'कोठार'ला माझंही मत, पण सरसकट नको. दिल्लीचं मॅगझिन, जे 11 मे 1857 ला तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने, विलोबीने स्वतःच उडवलं, तिथे तोफा, बंदुका, काडतुसं सगळंच होतं. तिथे 'शस्त्रागार' लिहा.

दारूकोठार म्हणजे फक्त दारूसाठी बांधलेली इमारत, आणि ती बघितली की लगेच कळते. जाड भिंती, बाहेरून दगडी टेकू, वर कमानीचं छत. दारू दमट झाली की फुसकी, म्हणून झरोके हवेतच. पण सरळ झरोक्यातून ठिणगीही आत येणार. त्यावर तोड अशी, की भिंतीच्या जाडीत मध्येच एक दगडी ठोकळा ठेवायचा. वारा त्याला वळसा घालून आत येतो, ठिणगी अडते. फ्रान्सचा किल्ले बांधणारा अभियंता वोबाँ, त्याच्या नमुन्यात हीच युक्ती आहे. बिजागऱ्या, कड्या-कोयंडे तांब्या-पितळेचे, जमीन लाकडी, लोखंडाचा खिळा दिसता कामा नये. भोवती वेगळी भिंत. पण एकच साचा नव्हता: व्हर्जिनियात विल्यम्सबर्गचं 1715 चं कोठार चक्क अष्टकोनी आहे.

विजेचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या पर्फ्लीटच्या कोठारांसाठी 1772 मध्ये रॉयल सोसायटीची समिती बसली, बेंजामिन फ्रँकलिनसकट. वाद कशावर, तर वीजवाहक सळई टोकदार हवी की बोथट! टोकदार बसवल्या. 1777 मध्ये तिथल्या एका इमारतीवर वीज पडलीच, पण नुकसान किरकोळ.

लेखिका: ठरलं, दारूकोठार. आता 'शिफ्टिंग लॉबी'ला काय म्हणू? आत जाण्याआधी कामगार तिथे स्वतःचे कपडे आणि नालाचे बूट उतरवायचे. मध्ये आडवा अडसर, पलीकडे कोठारातले कपडे, मऊ तळव्यांची पादत्राणं.

प्रतिसाद: म्हणजे सोवळं नेसायची जागा! गंमत म्हणून एकदा कंसात लिहा. एरवी 'कपडे बदलायची खोली' पुरे, नवा संस्कृत शब्द पाडू नका.