प्रति: अठरा पूर्ण झाल्यावर पुढे काय?

बालगृहातली (अनाथ, निराधार मुलांच्या संस्थेतली) मुलं अठराची झाली की सरकार हात झटकतं, असं या चर्चेत म्हटलंय. कागदावर तरी तसं नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात, कलम ४६ मध्ये, बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदतीची तरतूद आहे. शिवाय आपल्या मध्य प्रदेशात २०२२पासून मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. तीत इंटर्नशिपच्या काळात महिना ५,००० रुपये मिळतात.

अडतं दुसरीकडेच. आमच्या इंदुरातल्या दुकानात बालगृहातून बाहेर पडलेला असा एक मुलगा कामाला आहे, हिशेबाला चोख. पगार वेळेवर, तरी खोली मिळेना. घरमालकाला वडिलांचं आधार कार्ड हवं, नाहीतर हमीदार. शेवटी भाडेकरारावर हमीदार म्हणून मीच सही केली. हमीदाराचं हे काम जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयानं अंगावर घ्यायला काय हरकत आहे?