मुरगाव बंदर : ड्राफ्ट सर्व्हे आणि वजनकाट्यात तफावत, घट कोणाच्या माथी?

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या एका खतमिश्रण युनिटमध्ये मी स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. पावसाच्या तोंडावर मुरगावला आमचं पोटॅश उतरलं. सुटा माल, ग्रॅबने थेट डंपरमध्ये. ड्राफ्ट सर्व्हेचा आकडा (जहाज पाण्यात किती बुडालंय, म्हणजे त्याचा ड्राफ्ट, वाचून काढलेलं मालाचं वजन) आणि आमच्या काट्याच्या पावत्यांची बेरीज यांत पाऊण टक्का घट येतेय. अर्धा टक्का इकडेतिकडे होतंच, त्यावर कोणी डोकं लावत नाही. पण साहेबांनी निकाल लावून टाकलाय: डंपरवाल्यांनी वाटेत माल मारला, त्यांच्या बिलातून कापा.

मला पटत नाही. ताडपत्री, सील सगळं जागच्या जागी होतं. धक्क्यावर सांडलेलं झाडून घेतलं, तेही काट्यावर आलं. शिवाय पोटॅश ओल धरतं. या हवेत वजन वाढलं तर समजू, घटेल कसं? टेअर (रिकाम्या गाडीचं वजन) सकाळी एकदाच घेतला होता हे खरं, पण ट्रॉलीला चिखल नि माल चिकटत गेला तर त्याने निव्वळ वजन उलट जास्त दिसेल.

चूक जहाजाकडच्या मोजणीत असू शकते का? जाणकारांनी सांगावं.

खारवी :
डंपरवाल्यांना सध्या सोडा. रिपोर्टमध्ये पाण्याची घनता काय लिहिलीय ते बघा. ड्राफ्टवरून वजन काढायचे जहाजाचे तक्ते समुद्राच्या पाण्याचे, १.०२५ धरून केलेले असतात. पाऊस लागला की झुआरीचं गोडं पाणी मुखाशी येतं, घनता उतरते आणि तेवढ्याच वजनाला जहाज जास्त बुडतं. पाण्याचा नमुना काढून हायड्रोमीटर लावायचा आळस केला आणि पाणी खरं १.०१७ असलं, की माल कागदावर पाऊण टक्का फुगलाच. लाटांत ड्राफ्ट वाचायची गंमत वेगळीच. बिल ऑफ लेडिंगचा (माल चढवला तेव्हा जहाजाने दिलेल्या पावतीचा) आकडाही शेजारी मांडा. तो काट्याशी जुळला तर माल कुठे गेलेलाच नाही.

खरी घट निघाली तर जहाजाला लेखी नोटीस माल ताब्यात घेतल्यापासून ३ दिवसांत, दावा १ वर्षात. विम्यातला एक्सेस, म्हणजे कंपनी भरून देत नाही तो हिस्सा, तोही वाचून ठेवा.

धागाकर्ता :
आभार, बाब. रिपोर्ट काढला. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही सर्व्हेंत १.०२५. मधे पावसाने हॅच (जहाजावरची मालाच्या कप्प्यांची तोंडं) बंद ठेवावे लागले होते, तरी आकडा जराही हललेला नाही! बिल ऑफ लेडिंग एजंटकडून मागवलंय. नोटीस आजच देतो. आता एकच: सर्व्हेअरच्या कच्च्या नोंदी, सहा खुणांवरचे ड्राफ्ट आणि घनतेचं रीडिंग, आम्हाला मागता येतात, की फी भरणाऱ्यालाच देतात? तोवर डंपरवाल्यांची बिलं मी टेबलावरच ठेवलीत, कापलेली नाहीत.