सातवीच्या वयाच्या मुलीला घरी भौतिकशास्त्र शिकवायचे आहे. संदर्भपुस्तके कशी निवडावीत?

प्रश्न : एक पालक, सातारा

माझी मुलगी बारा वर्षांची असून गेल्या जूनपासून आम्ही तिला घरीच शिकवत आहोत. पुढे सतरा नंबरचा (खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा) अर्ज भरून किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती दहावीची परीक्षा देईल. सहावी ते आठवीचे भौतिकशास्त्र दोन वर्षांत सलग शिकवावे, असा माझा विचार आहे; परंतु मी वाणिज्य शाखेचा असल्याने मलाच पुस्तकांचा भक्कम आधार हवा. बालभारतीच्या सामान्य विज्ञानात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र एकत्र येते. पुस्तकांच्या दुकानात स्पर्धापरीक्षांची जाडजूड गाइडे पुढे केली जातात, तर अमेरिकन होमस्कूलिंगचे संच देखणे असले तरी खिशाला परवडणारे नाहीत. नेमके काय घ्यावे, आणि मराठीतून की इंग्रजीतून?

उत्तर : निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली

बालभारतीची पुस्तके बाजूला सारू नका. तिन्ही इयत्तांची एकदम उघडून त्यांतला भौतिकशास्त्राचा धागा तेवढा वेगळा काढा. सहावीत ‘बल व बलाचे प्रकार’ आणि ‘साधी यंत्रे’ आहेत, सातवीत ‘गती, बल व कार्य’ येते आणि आठवीत ‘बल व दाब’. असे ओळीने शिकवले की एकच कल्पना तीन पायऱ्यांनी वर चढताना दिसते, जी वर्षावर्षाच्या अंतरामुळे शाळेतल्या मुलांना सहसा दिसत नाही. प्रकाश, ध्वनी, उष्णता आणि चुंबकत्व यांचेही तसेच करता येईल.

संदर्भपुस्तक मुलीसाठी की आपल्यासाठी, हे मात्र आधी ठरवावे. आपल्यासाठी मराठी विश्वकोशासारखा दुसरा आधार नाही. त्याचे कार्यालय आपल्याच जिल्ह्यात वाईला आहे आणि त्यातील नोंदी इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यांची भाषा मुलीला जड जाईल. आदल्या रात्री आपण वाचून ठेवावे आणि सकाळी तिला आपल्या शब्दांत सांगावे.

मुलीसाठीचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी वस्तुमान आणि वजन यांचे पान दुकानातच उघडून पाहावे. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये, आणि चंद्रावर वजन एक षष्ठांश होते पण वस्तुमान तेवढेच राहते, एवढे त्या पानावर स्वच्छ सांगितलेले नसेल तर ते पुस्तक परत फळीवर ठेवावे. उष्णता आणि तापमान यांचे पानही असेच तपासावे. ही दोन पाने ज्याला नीट जमली, त्याची बाकीचीही बहुधा बरी असतात.

उत्तर : एक आई, मिरज

सरांशी मी सहमत आहे, फक्त भाषेबाबत थोडे वेगळे सांगते. आम्ही पहिल्या वर्षी एक गाइड घेतले आणि फसलो. मुलगा सूत्रे धडाधड म्हणू लागला, पण तानकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) पिशवी अडकवून ‘बल किती?’ असे विचारले की गप्प. त्यानंतर नियम केला, की ज्या प्रकरणात मुलाला काही मोजावे लागत नाही ते आमच्या उपयोगाचे नाही. संकल्पना मराठीतून समजावते, मात्र त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, घनता म्हणजे डेन्सिटी, अशी जोडशब्दांची वही पहिल्या दिवसापासून ठेवली आहे; पुढे अकरावीला इंग्रजी पुस्तक हातात आले की शब्दांपाशीच अडायला नको.

अमेरिकन पुस्तकांत आणखी एक अडचण आहे. पुष्कळ ठिकाणी मापे फूट आणि पौंडांत असतात, आणि पौंड हे एकक वस्तुमानालाही वापरतात, बलालाही. म्हणजे सरांनी सांगितलेला गोंधळ तिथे आयताच तयार. फुटांचे तेवढे अवघड नाही. सांगलीच्या मुलांना आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पुराची ४५ फुटांची धोक्याची पातळी पाठच असते, ती १३.७ मीटर होते हे माझ्या मुलाने स्वतः काढले.

प्रश्नकर्ता :

दोघांचेही आभार. महागडा संच रद्द केला. महाबळेश्वरला पाणी १०० अंशांच्या आतच उकळते असे मी मुलीला सांगितले, तर ती म्हणाली, ‘जाऊन मोजू या.’ घरातला तापाचा थर्मामीटर चालेल का?

निवृत्त विज्ञान शिक्षक :

मुळीच नाही. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो; उकळत्या पाण्यात घातलात तर फुटेल, आणि पाऱ्याचा असेल तर पारा सांडेल. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून ११० अंशांपर्यंतचा, पारा नसलेला थर्मामीटर घ्यावा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तिथे साधारण ९५-९६ अंश यायला हवेत. आधी साताऱ्यात घरी मोजून वहीत लिहून ठेवा, म्हणजे थर्मामीटरची चूक दोन्हीकडे सारखीच धरून, दोन ठिकाणांच्या उंचीतल्या फरकाचा परिणाम किती, हे वेगळे काढता येईल. मोजताना थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका.