टाउनशिप: तालुका, मौजा की आणखी काही?

प्रश्न: अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या विनेशिक कौंटीचे (कौंटी म्हणजे राज्याच्या कारभाराचा एक विभाग) जुने जमिनीचे कागद मी मराठीत आणते आहे. 'ब्लफ्टन, ब्लफ्टन टाउनशिप' असा पत्ता वारंवार येतो. आपल्याकडे टाउनशिप म्हटलं की बिल्डरने बांधलेली, फाटक आणि क्लबहाउस असलेली वसाहत डोळ्यांपुढे येते. 'तालुका' लिहिलं तर चालेल का? आणि 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'ला काय म्हणावं?

उत्तर: तालुका नको. विनेशिक कौंटी साधारण ६९० चौरस मैलांची, म्हणजे अख्खी कौंटीच आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. तिच्यात टाउनशिप २०.

या शब्दाचा उगम मोजणीत आहे. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौरस आखायचं ठरलं. अशा एका चौरसात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, ६४० एकर. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला. तिथे नवे वसाहतदार जमीन विकत घ्यायच्या आधीच चौरस कागदावर होता, ही गोष्ट अनुवादात हरवू देऊ नका. आपल्याकडे आधी गाव, मग शीव, मग सर्व्हे नंबर. तिथे क्रम उलटा. तुमच्या कागदात 'क्वार्टर सेक्शन' येईलच: १६० एकर. त्याला मी बेधडक 'चतकोर सेक्शन' म्हणेन. भाकरीचा चतकोर आपल्याला कळतो, तसा जमिनीचाही कळेल.

पुढे बहुतेक त्याच चौरसांवर कारभाराच्या टाउनशिप बसवल्या, म्हणून एकाच शब्दाला दोन अर्थ आले. आयोवातले टाउनशिपचे विश्वस्त स्मशानभूमी पाहतात, आग विझवायची सोय पाहतात आणि दोन शेजाऱ्यांत कुंपणावरून वाद झाला तर जागेवर जाऊन निवाडा करतात. बांधावरची भांडणं पाहिलेल्या मराठी वाचकाला हे काम समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी एक मत: मग 'मौजा' का नको? आमच्या विदर्भात सातबाऱ्यावर 'मौजा' असतं, पश्चिमेकडे 'मौजे' लिहितात. मौजा म्हणजे महसुली गाव. वस्ती उठून गेली तरी दप्तरात तो राहतो, त्याला 'बेचिराख' म्हणतात. मूळ शब्द फारसी, 'बे-चिराग', दिवा न लागणारं. राखेशी त्याचा संबंध नाही. माणसं नसली तरी हद्द टिकते, हे साम्य मला फार जवळचं वाटतं.

उत्तर: साम्य खरं आहे, पहिल्या तळटीपेत जरूर द्या. मजकुरात मात्र 'टाउनशिप'च ठेवा. मौजा म्हटलं की मागोमाग तलाठी येतो, आणि तिथे जमिनीचं दप्तर टाउनशिपकडे नसून कौंटीच्या कचेरीत असतं.

अनइन्कॉर्पोरेटेडसाठी 'वाडी' सुचेल, पण वाडी कुठल्यातरी गावाची असते. ब्लफ्टन, फेस्टिना, बर ओक ही ठिकाणं दुसऱ्या कुठल्या गावाच्या पोटातली नाहीत. त्यांना स्वतःची नगरपालिका नाही, रस्ते कौंटी पाहते, एवढंच. 'वस्ती' हा शब्द इथे चपखल बसतो.

उलट बाजूलाही सावध राहा. स्पिलव्हिल हे चेक लोक येऊन राहिलेलं ठिकाण, १८९३ च्या उन्हाळ्यात संगीतकार द्वोर्झाक तिथे राहिला होता. आजही लोकसंख्या चारशेच्या आसपास, तरी आयोवाच्या कायद्याने ती 'सिटी'. तिला 'शहर' म्हणाल तर वाचक फसेल. 'नगरपालिका असलेलं गाव' लिहा. लांबलचक आहे, पण खरं आहे.

प्रश्नकर्ती: म्हणजे माझं वाक्य असं होईल: 'ब्लफ्टन टाउनशिपमधल्या ब्लफ्टन या वस्तीलगतचा चतकोर सेक्शन, १६० एकर.'

उत्तर: 'वस्तीलगतचा' मूळ कागदात असेल तरच ठेवा. बाकी वाक्य जसंच्या तसं राहू द्या.