केळीच्या कंदकुजेचा जंतू झाडाच्या पेरॉक्साइडला पुरून कसा उरतो?

रावेरकर_केळी: राम राम मंडळी. घरची टिश्यू कल्चर केळी आहे अन् मी मायक्रोचा एमएस्सी करतोय. मृगबागेत काही रोपं नुसती ओढली तरी जमिनीलगत मोडून हातात येताहेत, कंद कुजलेला, वास असा की तिथं उभं राहवत नाही. इर्विनिया म्हणे, म्हणजे आताचं पेक्टोबॅक्टेरियम. आता शिकवतात की जंतू शिरला की झाड तिथंच हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, मग हा मरत का नाही? जंतूचं पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम, कॅटालेज, एकटंच एवढं सगळं सांभाळतं का?

धुळे_मायक्रो: एकटं नाही भो. आधी सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक घातक रूप, बनतो, त्याचं पेरॉक्साइड करतं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम (मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये दाखवलेलं), मग कॅटालेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, कॅटालेज टेस्टमध्ये स्लाइडवरच्या जंतूंवर पेरॉक्साइड टाकलं की बुडबुडे येतात ते तेच. थोडंफार पेरॉक्साइड असेल तर ते काम पेरॉक्सिडेज नावाची एन्झाइम उरकतात. पण खरी भीती पुढंच आहे, उरलेलं पेरॉक्साइड पेशीतल्या लोहाला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो आणि तो थेट डीएनए फोडतो, त्याला अडवणारं एन्झाइमच नाही, म्हणून सगळी धडपड तो तयारच होऊ नये यासाठी. ई. कोलायमध्ये तर ऑक्सीआर नावाचं प्रोटीन पेरॉक्साइड ओळखतं, त्याच्यातले दोन सिस्टीन जोडले गेले की कॅटालेजचं जीन लगेच चालू. आणि अन्न संपलं की दुसरं कॅटालेज आणि लोह धरून ठेवणारं डीपीएस नावाचं प्रोटीन आधीच तयार होतं, म्हणून उपाशी जंतू ताज्या वाढणाऱ्यापेक्षा जास्त चिवट असतो, एका ताणाची तयारी दुसऱ्यातही कामाला येते.

नंदुरबार_लॅबताई: दादा, टीबीचं पण बघ, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आयसोनियाझिडची गोळी तशीच काम करत नाही, जंतूचं स्वतःचं कॅट-जी हे एन्झाइम तिला चालू करतं. म्हणजे जे त्याला आपल्या पांढऱ्या पेशींच्या पेरॉक्साइडपासून वाचवतं तेच त्याचा घात करतं. मग जंतू काय करतो, कॅट-जीच्या साखळीत 315 व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आणतो, गोळी चालू होत नाही पण एन्झाइमचं संरक्षणाचं काम बऱ्यापैकी टिकतं. एलपीए (लाइन प्रोब असे) या जीन तपासणाऱ्या टेस्टमध्ये हाच बदल शोधतात. आणि तू कॅटालेज टेस्ट करशील तर ब्लड अगारवरून (रक्त घातलेलं जंतू वाढवायचं माध्यम) कॉलनी उचलताना रक्त येऊ देऊ नको, लाल पेशींतही कॅटालेज असतं, बुडबुडे येतील आणि रिझल्ट चुकेल.

रावेरकर_केळी: लय भारी समजावलं ताई, दादा. मग शेतात पेरॉक्साइडची ड्रेंचिंग करून, म्हणजे बुंध्याशी ओतून, उपयोग आहे का?

धुळे_मायक्रो: माझं मत नाही. मातीतले बाकीचे जंतू आणि सेंद्रिय पदार्थच ते फोडून टाकतील, कंदाच्या आत पोचणार किती? कुजलेली रोपं कंदासकट काढून बागेबाहेर न्या, विळा-कुदळ धुऊन घ्या आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, आधी निचरा बघा.